दोन ट्रान्झिस्टर आणि ‘खरं काम’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब, तुमची प्रतिक्रिया वाचली. प्रतिक्रिया कसली, झाडाझडतीच ती. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून सांगतो, मागच्या लेखात मी फक्त दोन ट्रान्झिस्टरमध्ये (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा सुटा भाग) होणारी काही सर्किटं दिली होती, करंट लिमिटर (करंट ठरावीक मर्यादेपुढे जाऊ न देणारं), लॅच (एकदा चालू केलं की चालूच राहणारं), मल्टिव्हायब्रेटर (दोघं आळीपाळीने चालू-बंद होणारं) वगैरे. त्यावर यांचं म्हणणं असं: ‘शाळेच्या प्रदर्शनात ठेवायला ठीक आहे, खऱ्या कामाला उपयोग नाही. 555 (तयार टायमर चिप) किंवा मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रामवर चालणारी चिप) वापरा. तुमचा लिमिटर तापमानाने हलतो, मल्टिव्हायब्रेटर 9 व्होल्टवर ट्रान्झिस्टर खराब करतो. लिहिण्याआधी अभ्यास वाढवा.’

चूक दाखवा ना, कोण नको म्हणतंय? पण ‘अभ्यास वाढवा’ हे सांगायची काय पद्धत झाली? मी जर उलट विचारलं की तुम्ही शेवटचं सोल्डरिंग कधी केलंत, तर राग येईल की नाही? म्हणून नाही विचारत.

आता ‘खऱ्या कामाला उपयोग नाही’ याबद्दल. ज्या 555 चं नाव तुम्ही एवढ्या भक्तीने घेताय ती हान्स कॅमेंझिंड यांनी 1971 मध्ये डिझाइन केली, तिच्या डेटाशीटमधली आतली आकृती एकदा काढून बघा. सुमारे दोन डझन ट्रान्झिस्टर आहेत आणि बहुतेक सगळे जोडीजोडीने बसलेत. इथे करंट मिरर (एका करंटची नक्कल करणारी जोडी), तिथे डिफरन्शियल जोडी (दोन व्होल्टेजची तुलना करणारी), मध्ये फ्लिप-फ्लॉप (दोन स्थितींपैकी एक लक्षात ठेवणारा), आउटपुटला डार्लिंग्टन (एकाने वाढवलेला करंट दुसऱ्याने आणखी वाढवणारी जोडी). म्हणजे मी जे सुटं करून दाखवलं तेच तिथे एका काळ्या डबीत भरलंय. फ्लिप-फ्लॉप तर एकल्स आणि जॉर्डन यांनी 1918 सालीच दोन व्हॅक्यूम ट्यूबवर जमवला होता, ट्रान्झिस्टर यायच्या कितीतरी आधी. आणि तुमचा तो मायक्रोकंट्रोलर, त्याच्या पिनेला डायरेक्ट रिले (विजेने चालणारा स्विच) लावा बरं! नाही ओढणार. मग मध्ये यूएलएन 2003 ही करंट वाढवणारी चिप टाकता, आणि तिच्यात काय असतं तर सात डार्लिंग्टन जोड्या, प्रत्येकीत दोनच ट्रान्झिस्टर. डार्लिंग्टनचं पेटंट 1953 चं आहे. हे सगळं प्रदर्शनातलं का?

माझं अर्धं आयुष्य दुरुस्तीच्या टेबलावर गेलंय म्हणून बोलतो. एक मोठा बॅटरी चार्जर आला होता, आतला मायक्रोकंट्रोलर गेलेला, बाकी बोर्ड ठणठणीत. नवीन चिप बाजारात मिळत होती पण आतला प्रोग्राम कुणाकडे नाही, बनवणाऱ्यांना विचारलं तर त्यांनी हात वर केले. चार्जर भंगारात. त्याच बोर्डावर दोन ट्रान्झिस्टरचा करंट लिमिटर होता, तो मात्र शाबूत, आणि गेला असता तरी मी मल्टिमीटर लावून पाच मिनिटांत सांगितलं असतं काय झालंय. कारण त्यात बघायचंच एवढंसं असतं. एक ट्रान्झिस्टर करंट वाहतो, दुसऱ्याचा बेस-एमिटर (ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी दोन, तिसरा कलेक्टर) एका छोट्या रेझिस्टरवर पहारा देतो. रेझिस्टरवर 0.65 व्होल्टच्या आसपास पडले की दुसरा जागा होतो आणि पहिल्याचा बेस करंट स्वतःकडे ओढून घेतो, की करंट तिथेच थांबला. 33 ओहम टाका, साधारण 20 मिलिअँपिअर मिळतील. मीटर रेझिस्टरवर ठेवला आणि 0.65 दिसले तर सर्किट काम करतंय, एवढी सोपी परीक्षा. तुमच्या प्रोग्रामची अशी परीक्षा घेऊन दाखवा, मग बोलू.

लॅचबद्दल तुम्ही एक शब्द काढला नाहीत, तेव्हा मीच काढतो. एक पीएनपी, एक एनपीएन (ट्रान्झिस्टरचे दोन उलटसुलट प्रकार), एकाचा कलेक्टर दुसऱ्याच्या बेसला. बटण दाबलं की दोघं एकमेकांना चालू ठेवतात, आणि बंद असताना नुसता लीकेज (नगण्य गळणारा करंट), म्हणजे बॅटरीला पत्ताच लागत नाही. साधी 555 काहीही न करता 5 व्होल्टवर 3 मिलिअँपिअरच्या आसपास पीत बसते. (सीमॉसवाली, म्हणजे दुसऱ्या तंत्राने बनवलेली 555, कमी पिते, माहीत आहे, लगेच लिहायला बसू नका.)

लिमिटरच्या तापमानाचं म्हणाल तर हो, त्या 0.65 व्होल्टमधून अंशामागे 2 मिलिव्होल्ट जातात. 30 अंश वाढले की 60 मिलिव्होल्ट, म्हणजे 20 चे 18 मिलिअँपिअर. एलईडीत तो फरक डोळ्याला कळतही नाही, आणि गरम झाल्यावर करंट कमी होतोय, वाढत नाहीये, हे तुम्ही सोयीने गाळलंत.

9 व्होल्टचा मुद्दा, बरं, बीसी 547 या नेहमीच्या ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर उलटा 6 व्होल्टच सहन करतो आणि मल्टिव्हायब्रेटरमध्ये कपॅसिटर त्याला जवळपास सप्लायएवढा उलटा झटका देतो, हे खरं आहे. पण लेखात मी 5 व्होल्ट लिहिलंय. आकृतीवर लिहिलं नव्हतं, तेवढं तुमचं मान्य, आज टाकतो. 9 वर चालवायचंच असेल तर प्रत्येक बेसला सिरीजमध्ये एक डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) टाका, विषय संपला, त्यासाठी एवढा त्रागा कशाला?

बाकी स्पेलिंगच्या चुका वगैरे काढल्यात त्याला उत्तर देत बसत नाही. तुम्हाला 555 वापरायची तर खुशाल वापरा, पण पुढच्या वेळी लेख पूर्ण वाचून मग लिहा.