हाडात उतरला म्हणजे संपलं?

घरच्या ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आला: 'कॅन्सर हाडात उतरला की हाडांचा कॅन्सर होतो. मग डॉक्टरांच्या हाती काही नसतं. रेडिएशननं हाडं जळतात, मॉर्फिननं माणूस लवकर जातो. त्यापेक्षा रोज गव्हाएवढा चुना दह्यातून घ्या, हाडं भरून येतात.' खाली हात जोडलेले. हा मेसेज माझ्या मावशीनंही वाचला. तिच्या मणक्यात स्तनाचा कॅन्सर उतरलाय, म्हणून लिहायला बसलो.

आधी नाव. मणक्यात गेलेला स्तनाचा कॅन्सर हा स्तनाचाच कॅन्सर असतो; पेशी त्याच, औषधंही त्यावरचीच. मावशीची गाठ हार्मोनवर पोसणारी, म्हणून तिला सध्या केमो नाही, गोळ्या आहेत. प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड, थायरॉइड यांचेही कॅन्सर हाडात जातात आणि प्रत्येकाचे उपचार वेगळे.

'हाती काही नसतं' हे अर्धंच खरं. हाडात पसरलेला कॅन्सर सहसा मुळापासून जात नाही, हे मान्य. पण स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरचे कितीतरी रुग्ण त्यानंतरही औषधांवर वर्षानुवर्षं जगतात.

रेडिएशनचं म्हणाल तर मावशी आडवी झाली की पाठ ठणकायची. चार उशा रचून ती बसल्या बसल्या झोपायची. तिला रेडिएशनचा 8 ग्रेचा (ग्रे हे रेडिएशन मोजायचं माप) एकच डोस दिला. पहिले दोन दिवस दुखणं उलट वाढलं (असं होतं, घाबरायचं नाही), आणि तिसऱ्या आठवड्यात उशा कपाटात गेल्या. सगळ्यांनाच इतका गुण येतो असं नाही, पण दहांतल्या साधारण सहा जणांचं दुखणं कमी होतं.

चुन्याचा मात्र राग येतो. इथं हाड झिजतं ते कॅल्शियम कमी पडलं म्हणून नव्हे. कॅन्सरच्या पेशी हाड पोखरणाऱ्या आपल्याच पेशींना चिथावतात आणि हाडातलं कॅल्शियम रक्तात उतरतं. ते फार वाढलं की तहान, बद्धकोष्ठता, गुंगी, बरळणं सुरू होतं. अशा माणसाला चुना चाटवायचा? पोखरणं थांबवायला झोलेड्रोनिक अॅसिडचं सलाईन किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन असतं. त्याआधी दात दाखवून घ्यायचे, कारण क्वचित जबड्याचं हाड बिघडतं. या औषधांसोबत डॉक्टर कॅल्शियमच्या गोळ्या देतात, पण रक्त तपासून.

मॉर्फिन मोजून दिलं तर माणूस त्यानं जात नाही. त्रास होतो तो पोट साफ न होण्याचा, म्हणून सोबत रेचक असतं.

आणि जे सांगायला हवं होतं, ते मेसेजमध्ये नाहीच. मणक्यात कॅन्सर असलेल्याच्या पायांतला जोर कमी झाला, कमरेखाली बधिर वाटलं किंवा लघवी अडली, तर मज्जारज्जू दाबला जात असू शकतो. अशा वेळी रात्र असली तरी लगेच हॉस्पिटल गाठायचं. चालता येतंय तोवर उपचार सुरू झाले तर बहुतेकांचं चालणं टिकतं. पाय पुरते लुळे पडल्यावर ते परत मिळणं फार अवघड.