ताई, पहाटे चारला उठून काही होणार नाही

आज नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका हॉलमध्ये महिला नेतृत्वावरची कार्यशाळा ऐकून आले. डोकं अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितेय. वक्ते एक सद्गृहस्थ. विषय बर्नआउट, म्हणजे कामाच्या ताणाने पार खचून जाणं. उपाय काय, तर पहाटे चारला उठा, प्राणायाम करा, कृतज्ञतेची डायरी लिहा, स्वतःसाठी वीस मिनिटं काढा. हॉलमध्ये मुख्याध्यापिका, डॉक्टर, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत युनिट चालवणाऱ्या दोघी-तिघी, माझ्यासारख्या बँकवाल्या. माझ्या शेजारच्या मुख्याध्यापिका बसल्या जागी डुलक्या घेत होत्या. त्यांना आणखी एक तास लवकर उठा म्हणून सांगणं म्हणजे कमाल आहे!

शेवटी सगळ्यांना शाल, तुळशीचं रोप आणि 'घर सांभाळून एवढं करतात' अशी ओळख. साखर कारखान्याच्या चेअरमनची ओळख कुणी अशी करून दिलेली मला तरी आठवत नाही.

मला सारखी आत्या आठवत होती. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावी ती एक टर्म सरपंच होती, 2011 ला महाराष्ट्रात बायकांचं आरक्षण पन्नास टक्के झालं त्यानंतरची. शिक्षण सातवी. सगळ्यांनी धरलं होतं की कारभार मामाच, म्हणजे आत्याचे यजमानच, बघणार. पहिल्या महिन्यात एकजण सहीसाठी कागद घेऊन थेट मामांकडे गेला. मामांनी आत हाक मारली, "शिक्का कुठंय गं?" आत्याने कमरेचा बटवा काढला, त्यातली सुपारी-लवंग बाजूला सारून शिक्का बाहेर काढला, कागद सावकाश वाचला आणि परत दिला. म्हणाली, "हे मासिक सभेत येऊ द्या." त्या बटव्यातून शिक्का पाच वर्षं बाहेर राहिला नाही.

आणि तिचा दुसरा नियम, जो मला आज त्या वक्त्यांना ओरडून सांगावासा वाटत होता: रात्रीच्या जेवणाच्या वेळी दाखल्यासाठी कुणी आलं की ती ताटावरून न उठता म्हणायची, "सरपंच जेवतीय. उद्या दहाला पंचायतीत ये." गाव म्हणालं, बाई माजली. म्हणू दे.

मुख्य म्हणजे तिने पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं की आपण पाणी करायचं. मळ्यातल्या वस्तीवर नळ नव्हता, बायका बांधावरून हंडे वाहायच्या. बाकी सभामंडप, कमान, चौकातलं सुशोभीकरण यासाठी लोक रोज दारात. ती म्हणायची, पुढचा सरपंच करेल. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असते, ती बऱ्याच ठिकाणी रजिस्टरवर अंगठे घेऊन उरकतात. आत्या ती खरी घ्यायची, कारण पाण्याचा विषय तिथे बायकाच लावून धरायच्या. मग ग्रामसभेत ती एकटी पडायची नाही. पाइपलाइन झाली. कमान आजही नाही आणि त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही.

पाच वर्षं ती दमायची, पण विझली नाही. आपल्यातल्या किती जणी चाळिशीतच विझल्यासारख्या दिसतात सांगा. कामाने माणूस एवढं खचत नाही हो. आपल्या खुर्चीत बसून दिवसभर दुसऱ्यांचीच कामं उपसायची आणि ज्यासाठी खुर्ची घेतली ते रात्री अकराला लॅपटॉपवर, याने खचतं.

बर्नआउटला जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019 मध्ये आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणचा ताण नीट हाताळला गेला नाही की हे होतं, असं त्यांचं म्हणणं. बिघाड ऑफिसात आणि औषध आमच्या नाकपुड्यांना! घरचं तर विचारूच नका. 2024 च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात आपल्याच घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी 289 मिनिटं आहे आणि पुरुषांची 88. तीही जे करतात त्या पुरुषांची. यातून वीस मिनिटं कुठून काढायची ते सरांनी सांगितलं नाही.

बरं, प्राणायाम वाईट नाही. मीही करते. पाठीला बरं वाटतं.

आणि हेही मान्य, आत्याला 'उद्या ये' म्हणता आलं कारण घरची द्राक्षबाग होती, मामा तोंडाने कुरकुरले तरी आडवे आले नाहीत. कंत्राटावरच्या नर्सने किंवा आशाताईने वरिष्ठांना असं म्हटलं तर दुसऱ्या दिवशी तिची जागा भरलेली असेल. म्हणूनच तर ज्यांच्याकडे केबिन आहे त्यांनी आधी म्हणायला हवं ना! आपण रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज टाकायचे, हाताखालच्या मुली घाबरून लगेच उत्तर देणार आणि आपण महिला सक्षमीकरणाच्या शाली घेणार.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. वक्ते मनाने चांगले असतील. तुळस छान आहे, बाल्कनीत ठेवलीय.

तर सोमवारपासून माझ्या शाखेत दोन गोष्टी. सातनंतर ग्रुपवर कामाचा मेसेज नाही, मीही टाकणार नाही. वरून फोन आला तर मी बघेन. आणि वाढदिवसाचा केक, निरोप समारंभाची वर्गणी, साहेब आले की चहा-नाश्त्याची धावपळ, हे जे आपोआप काउंटरवरच्या मुलींच्या गळ्यात पडतं, त्याची पाळी लागणार. नोटीस बोर्डावर. पहिले दोन महिने पुरुष मंडळी. ज्यांना राग येईल त्यांनी खुशाल केबिनमध्ये यावं, संध्याकाळी सहापर्यंत मी आहे.