‘ओळखीचा किरायदार, बाँडवर सही, दणकून डिपॉझिट’: हा सल्ला घरमालकालाच बुडवतो

लातूर-नांदेडपासून संभाजीनगरपर्यंतच्या ग्रुपांवर घरमालकांसाठीचा एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: किरायदार 12 वर्षं राहिला की घर त्याचं होतं, म्हणून घर ओळखीतल्यालाच द्या, पोरांना नको, अकरा महिन्यांचा बाँड नोटरी करा, रजिस्ट्रीचा खर्च कशाला, आणि डिपॉझिट दणकून घ्या. निवृत्तीची पुंजी घालून वरचा मजला बांधलेली माणसं हे खरं मानून चालतात, म्हणून हे लिहितोय.

आधी 12 वर्षांची भीती. 1963 च्या मुदत कायद्यात ही मुदत आहे, पण मालकाचा हक्क झुगारून उघडपणे ताबा ठेवणाऱ्यासाठी. किरायदार तुमच्या परवानगीनं राहतो. तो 20 वर्षं राहिला तरी नुसत्या राहण्यानं मालक होत नाही. मात्र हातात कागद नसेल, तर तो किरायानंच आला होता हे सिद्ध करत तुम्हाला फिरावं लागतं.

बाँडचा सल्ला सगळ्यात घातक. 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. अकरा महिन्यांची चाल तिथूनच पडली. पण मराठवाड्यातला 1954 चा हैदराबादचा घरभाडे कायदा जाऊन 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 लागू झालाय. त्याचं कलम 55 म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेणं घरमालकाचं काम. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मोठा धोका पुढेच आहे. वाद झाला तर अटींबद्दल किरायदार सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. ठरले होते आठ हजार, तो म्हणाला पाच, तर?

लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारा करार नोंदवलेला असेल तर मुदत संपल्यावर घर परत मिळवायला याच कायद्याच्या कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि जागा अडवून धरलेल्या काळाचं दुप्पट शुल्क मागता येतं. नोंदणीचा खर्च बघा: आठ हजार किराया, 30,000 डिपॉझिट, अकरा महिने. किरायाचे 88,000 आणि डिपॉझिटवर 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज 2,750. एकूण 90,750 वर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. शहरात नोंदणी फी 1,000. आधार आणि अंगठा घेऊन करार घरबसल्या ऑनलाइन होतो.

‘ओळखीतला’ म्हणजे मेसेजवाल्यांच्या मनात आडनाव असतं, ते स्पष्टच बोलू. आडनावावरून किराया वेळेवर येतो असं मी कधी पाहिलं नाही. उलट पाव्हण्याकडे कागद मागायला जीभ रेटत नाही आणि थकबाकी भिडेखातर वाढत जाते. चौकशी करायची तर नोकरीची करा. वाळूजच्या कंपनीत कायम आहे की ठेकेदाराकडे? पगार बँकेत जमा होतो का? आणि आधीच्या घरमालकाला फोन लावा. आत्ताचा मालक त्याला घालवायचं म्हणूनही गोड बोलेल, त्यामुळे त्याच्याही आधीचा गाठा. पोलिसांना माहिती द्याच, पण माणूस किराया बुडवतो का, हे ते सांगणार नाहीत.

पोरांना नाही म्हणणारा लातूरचा घरमालक तर मला कळतच नाही. नीटच्या तयारीला आलेल्या पोरामागे अख्खं घर उभं असतं. कित्येकदा आईच सोबत राहायला येते. पालकाला समोर बसवा, करारावर त्याची सही घ्या. बस.

डिपॉझिट दणकून मागितलं की पगारदार, चोख माणूस दुसरं घर बघतो. ज्याला कुणी ठेवत नाही तो मात्र उसनवारी करून भरतो. चांगला किरायदार आपल्याकडे आधी पाण्याचं विचारतो: नळाला किती दिवसांनी येतं, हौद केवढा, बोअर मे महिन्यात चालतो का? खरं ते सांगा. हौद गळत असेल तर जाहिरातीआधी दुरुस्त करा. बोअर आटत असेल तर टँकरचे पैसे कुणी द्यायचे ते करारातच लिहा, आणि किल्ली देताना वीज मीटरचं रीडिंग दोघांच्या सहीनं टिपून ठेवा.