मढ्याच्या टाळूवरचं लोणी

घरच्या ग्रुपवर दादाने पुन्हा तेच लिहिलं, ‘तुमचं ब्रिटिश सरकार मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातं.’ २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत काँग्रेसचे सॅम पित्रोदा अमेरिकेतल्या वारसा कराबद्दल, म्हणजे मेलेल्याच्या मालमत्तेवरच्या कराबद्दल बोलले, तेव्हापासून हा विषय आमच्याकडे दर बजेटला उकरला जातो. भारतातही हा कर होता, १९५३ ते १९८५, वरचा दर ८५ टक्के, हे मी लिहिलं की ग्रुपवर शांतता.

दादाला ब्रिटनमधल्या या कराचे ४० टक्के पाठ आहेत. पण नवऱ्याचं बायकोला किंवा बायकोचं नवऱ्याला गेलं तर इथे एक पेनीही कर नाही, हे त्याला ऐकायचंच नसतं. त्यापुढे प्रत्येकाला ३,२५,००० पौंडांची सूट, आणि राहतं घर मुलांना जाणार असेल तर आणखी १,७५,०००. पहिला गेला आणि त्याची सूट वापरलीच गेली नाही, तर ती मागे राहिलेल्याच्या नावे जमा होते. दोघांचे मिळून दहा लाख. पहिला आकडा २००९ पासून हललेला नाही आणि घरं कुठल्या कुठे गेली, हे मान्य. तरी रेडिंगमधल्या आमच्या सेमी-डिटॅच्ड घराला त्याची झळ लागत नाही.

शेजारच्या दोन आजोबांनी २००५ च्या डिसेंबरात, कायदा लागू झाला त्याच महिन्यात, सिव्हिल पार्टनरशिपवर, म्हणजे नवरा-बायकोसारख्या कायदेशीर नात्यावर सह्या केल्या. त्यांतले एक परवा गेले. दुसरे त्याच घरात आहेत, त्याच खुर्चीत बसून क्रिकेट ऐकतात. आपल्याकडे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा लग्नाचा प्रश्न संसदेवर सोडून दिला. मृत्युपत्र नसतं तर भारतात या आजोबांना कायद्याने काहीच मिळालं नसतं.

आणि आपली आई? दादा, तू होतास ना तिथे! बाबा मृत्युपत्र न करता गेले. सांगलीचा फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर, आई नॉमिनी. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हे आपल्याला तेव्हा कळलं. चाळीस वर्षं जिने तो संसार चालवला, तिचा कायद्याने हिस्सा निघाला चार आणे, बाकीचे बारा आणे आपण तीन भावंडांचे. हक्कसोडपत्रासाठी मी विमानाने आले. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आईचा अंगठा मशीन घेईना. भांडी घासून रेषाच उरल्या नव्हत्या. क्लार्कने ओला रुमाल दिला, तिने बोट पुसलं, पदराला कोरडं केलं, पुन्हा ठेवलं. चौथ्यांदा उमटला. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘माझंच घर तुम्ही मला देताय होय रे?’ त्या दिवशी कर शून्य लागला होता, दादा. आमचं इथलं घर दोघांच्या नावे जॉइंट टेनन्सीत आहे, एक गेला की दुसरा आपोआप पूर्ण मालक. माझ्या मुलांपुढे मला अंगठा धरावा लागणार नाही.

इतकं लिहून मी थांबते, कारण पुढचं मी ग्रुपवर कधी लिहिलेलं नाही.

जोडीदाराच्या त्या माफीला एक अट होती. २०१८ मध्ये, इथे येऊन बारा वर्षं झाल्यावर, आम्ही मृत्युपत्रं करायला गेलो. सॉलिसिटरबाईंनी विचारलं, कायमचं घर कोणतं मानता, शेवटी कुठे असणार? नवरा म्हणाला, इथेच. मी म्हणाले, सांगली. बाईंनी पेन खाली ठेवलं. त्याचा अधिवास, म्हणजे कायद्याच्या लेखी कायमचं घर, ब्रिटनमध्ये आणि माझा भारतात धरला गेला, तर त्याच्याकडून मला मिळणारी माफी ३,२५,००० पुरतीच. परत येताना गाडीत आम्ही बोललो नाही. एका छताखाली राहून आमची घरं दोन आहेत, हे आम्हाला कराच्या कायद्याने दाखवलं.

२०२५ च्या एप्रिलपासून तो प्रश्न गेला. आता मन विचारत नाहीत, वर्षं मोजतात. गेल्या वीसपैकी दहा वर्षं इथे भरली की जगभरातली मालमत्ता हिशेबात. २०२७ पासून न वापरलेलं पेन्शनही त्यात येणार, म्हणून आम्ही पुन्हा त्याच बाईंकडे गेलो. बाबांच्या तासगावच्या द्राक्षबागेच्या सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. बाई म्हणाल्या, भारत आणि ब्रिटनमधला अशा करांबद्दलचा १९५६ चा करार अजून लागू आहे, तुमचा अधिवास भारतातच राहिला असं ठरलं तर काही अटींवर ती जमीन यातून वगळता येईल. पुरावा काय आहे?

लोणी खाणाऱ्यांची बाजू घेऊन मी दादाशी इतकं भांडले, आणि घरी येऊन जुनी फाइल काढून बसले. त्यात डोमिसाईलचा, म्हणजे अधिवासाचा दाखला आहे, बारावीनंतर इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी बाबांनी तहसील कचेरीत दोन खेपा घालून काढलेला. घडीवर फाटलाय, शिक्का मात्र स्पष्ट आहे. एवढ्याने भागणार नाही हे मला कळतं. तरी रात्री स्कॅन करून तो बाईंना पाठवला. नवरा शेजारीच बसला होता. त्याने त्याचा शोधला नाही.