वय हा फक्त आकडा? मग गट कशाला करता?

आज दुपारपासून आमच्या सायकल ग्रुपवर एक फोटो फिरतोय. आमच्यातले एक काका, वय ६८, घामाघूम, गळ्यात मेडल. वर आयोजकांनी लिहिलंय, 'वय हा फक्त आकडा आहे! सलाम या जिद्दीला!' आणि खाली हात जोडलेल्यांची ही रांग. मी हात जोडले नाहीत. का, ते लिहिते. लांबेल जरा.

सकाळी सासवड-जेजुरी रस्त्यावर क्लबची रेस होती. पुरुषांचे गट दोनच, खुला आणि ४५ च्या वरचा. म्हणजे ४६ वर्षांचा आयटीवाला, ज्याच्याकडे कार्बनची सायकल, घरात स्मार्ट ट्रेनर (सायकल लावून घरीच सराव करायचं यंत्र), वर ऑनलाइन कोच, तो आणि कारखान्यातून टर्नर म्हणून रिटायर झालेले आमचे काका एकाच गटात. (बायकांचं तर विचारूच नका. कॉलेजातली पोरगी आणि सत्तावन्नची मी, आम्हाला मिळून एकच गट. ते रडगाणं पुन्हा कधीतरी.)

रेस केलेल्यांना सांगायला नको, पुढच्याच्या चाकाला चिकटून राहिलं की वारा तो खातो. चाक सुटलं की तुम्ही आणि वारा. काकांचं चाक पहिल्याच चढाला सुटलं, सुटणारच होतं. पण मागे साताऱ्याहून आलेले एक गृहस्थ होते, वय ७१. त्या दोघांची जी जुंपली म्हणता! आधी आळीपाळीने वारा खाल्ला, मग शेवटच्या दोन किलोमीटरला दोघंही पुढे यायला तयार नाहीत. अस्सल रेसिंग! साताऱ्याच्या काकांनी आधी उठून जोर लावला, आमचे काका त्यांच्या मागे दबा धरून, आणि अगदी शेवटी बाहेर पडले. अर्ध्या चाकाने जिंकले. मी रेषेवर उभी होते, ओरडून घसा बसलाय.

आणि रेषेवर काय चाललं होतं? कमान उतरवत होते. टायमिंगची चटई, जिच्यावरून चाक गेलं की वेळ नोंदली जाते, ती गुंडाळून टेंपोत टाकलेली. बक्षिसं वाटून झालेली, पाहुणे गेलेले.

काकांनी धापा टाकत विचारलं, "टाइम किती रे?"

पोरगा हसला. "टाइमचं काय घेऊन बसलात काका, एवढं केलंत हेच खूप. मेडल आहे हां तुम्हाला, सगळ्यांनाच आहे."

सगळ्यांनाच आहे! अरे, मग त्या माणसाने शेवटचे शंभर मीटर जीव कशाला काढला? लग्नात आजोबांना पुढच्या खुर्चीत बसवून हातात सरबताचा ग्लास देतात, तसला हा मान. नको आहे आम्हाला. प्रवेश फी घेताना नाही म्हणालात, 'काका, तुम्ही भरलीत हेच खूप'.

फ्रान्समधले रॉबर्ट मार्शां आठवा. २०१२ मध्ये, वयाच्या शंभरीत, ट्रॅकवर तासाभरात २४ किलोमीटरच्या वर. २०१४ मध्ये तोच आकडा २६.९२७ वर नेला. २०१७ मध्ये १०५ व्या वर्षी पुन्हा उतरले, २२.५४७ किलोमीटर, आणि त्यांच्यासाठी १०५ च्या वरचा नवा गट काढला गेला. सायकलवरून खाली उतरल्यावर म्हातारा काय म्हणाला? शेवटची दहा मिनिटं उरल्याची पाटी दिसली नाही, नाहीतर आणखी जोरात गेलो असतो! जिद्दीला सलाम वगैरे ऐकायला आला नव्हता तो. त्याला तीन दशांशांपर्यंत मोजलेला आकडा हवा होता, तो मिळाला. आमच्या काकांना साधी मिनिटं मिळाली नाहीत.

बरं, मान्य. रस्ता पोलिसांकडून ठरावीक वेळच मिळतो आणि अ‍ॅम्ब्युलन्स एकच असते. साठीच्या पुढे ईसीजी आणि डॉक्टरांचं पत्र मागा, जरूर मागा. पण चटई अजून अर्धा तास पसरलेली राहिली तर पोलीस रागावत नाहीत.

आयोजक क्लबचं नाव लिहीत नाही. पोरं चांगली आहेत, हे टाइप करताना राग जरा उतरलाच. पहाटे तीनला उठून, पदरचं पेट्रोल घालून रस्त्यावर कोन मांडतात, कुणी पडलं तर आधी धावतात. मला पंक्चर झालं तेव्हा त्यांच्यातल्याच एकाने स्वतःची ट्यूब दिली होती, पैसे घेतले नाहीत. काकांनाही त्यांनी प्रेमानेच मेडल घातलं, दिसत होतं ते. पण प्रेम निकालपत्रात लिहिता येत नाही रे! आज पाहिलं, काकांच्या नावापुढे नुसती रेघ आहे. साताऱ्याच्या काकांच्याही. त्यांची ती लढत झालीच नाही म्हणे.

वय हा फक्त आकडा असता तर गट करायची गरजच नव्हती. परदेशात मास्टर्स, म्हणजे मोठ्या वयाच्यांच्या, रेसला पस्तिशीपासून पाच-पाच वर्षांचे गट असतात. आपल्याकडे एवढी माणसं येत नाहीत, हे खरं. मग हँडिकॅप लावा. ऑस्ट्रेलियातल्या क्लबांत आजही लावतात: सर्वांत हळू गट आधी सोडायचा, तगडे शेवटी. पोरांना करू देत की पाठलाग. पुढे काका आणि साताऱ्याचे काका, मागून तो कार्बनवाला. बघू कोण कोणाला सलाम ठोकतं!

तर ६० च्या वरचे कोण कोण उतरणार, खाली नाव आणि वय लिहा. साताऱ्याच्या काकांना कुणी ओळखत असेल तर टॅग करा. दहा नावं झाली की आयोजकांना फोन मी करते. आणि 'प्रोत्साहनपर बक्षीस ठेवू ताई' असं उत्तर आलं तर पुढचं बोलणं फोनवर नाही, घरी जाऊन करीन.