परदेशातून : दहानंतरचा ठोठावा

घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भावोजींनी परवा लांबलचक मेसेज टाकला. ठाण्याला लागून, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडणाऱ्या येऊरच्या जंगलाच्या नावानं रोज बोंब आहे, बेकायदा खेळाचे टर्फ, हॉटेलं, बंगल्यांवरच्या पार्ट्या. त्यापेक्षा तिथं एक झक्क कॅराव्हॅन पार्क, म्हणजे चाकांवरची घरं उभी करून राहायची जागा, का करू नये? कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण राज्यानं २०२१ सालीच आणलंय. आणि खाली माझ्यासाठी शेपूट : ‘तू तिकडे हे करतोस ना? सांग जरा सगळ्यांना, बाहेरचे लोक किती शिस्तीत राहतात ते.’

सांगतो. पण भावोजींना हवं तसं नाही.

आम्ही अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोजवळ राहतो. भाड्याची आरव्ही, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन रेडिंगपर्यंत हायवे, तिथून ४४ नंबरच्या रस्त्यानं वर चढलं की लासन ज्वालामुखीच्या पायथ्याशी मॅन्झनिटा लेक लागतं. उंची साधारण ५,९०० फूट. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी डोंगराचा कडा कोसळला, ओढा अडला आणि हे तळं झालं. मोटरबोटीला बंदी आहे, त्यामुळे पहाटे पाण्यात लासनचं शिखर जसंच्या तसं उतरलेलं दिसतं. मासा पकडला तरी परत सोडायचा. आरव्ही लावायला डांबरी तुकडा, एक बाकडं, शेकोटीचं कडं आणि अस्वलासाठी लोखंडी पेटी. म्हणजे अस्वलाला ठेवायला नव्हे, आपलं खाणं त्याच्यापासून वाचवायला. वीज नाही, नळाची जोडणी नाही, ड्रेनेज नाही.

वीज नसली की माणूस जनरेटर लावतो. मीही लावला. रात्रीचे दहा वाजून गेले होते, इलेक्ट्रिक कुकरमधली खिचडी अर्धी शिजली होती, मुलं भुकेली. दारावर टकटक झाली. बाहेर सत्तरीच्या बाई, हातात टॉर्च, अंगात स्वयंसेवकाचं जाकीट. अशी मंडळी उन्हाळाभर स्वतःच्या गाडीत तिथंच मुक्काम टाकतात आणि कॅम्पवर नजर ठेवतात. बाई म्हणाल्या, शांततेची वेळ सुरू झाली. मी म्हणालो, फक्त दहा मिनिटं हो, मुलांचं जेवण आहे. आणि ते म्हणताना माझ्या कानात अस्सल ठाण्याच्या नौपाड्याचा आवाज घुमला : ‘अर्धा तास फक्त, घरचं कार्य आहे, समजून घ्या.’ बाई हसल्या, शेजारच्या तंबूकडे टॉर्च वळवला आणि तिथंच उभ्या राहिल्या. ना पावती फाडली, ना आवाज चढवला. मी जनरेटर बंद केला. खिचडी कचकचीत खाल्ली.

तर हे आमचं शिस्तीत राहणं. माझा स्वभाव काही विमानात बदलला नव्हता. शांतता पाळली, कारण कुणीतरी दार ठोठावलं, आणि ‘तुम्ही मला ओळखत नाही का’ हे वाक्य तिथं चालणारं नव्हतं. गंमत अशी की तिथले शांततेचे तास रात्री १० ते सकाळी ६, आणि आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली रात्रही १० ते ६ अशीच. निवासी भागाला रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. कागदावर आपण एका पायरीनंही मागे नाही.

दुसरी गोष्ट घाणीची. संडासाची टाकी आपल्याच गाडीखाली असते. ती भरत आली की गाडी हलवायची, हातमोजे घालायचे, जाड पाइप जमिनीतल्या भोकाला जोडायचा. आधी संडासाची टाकी सोडायची, मग भांड्या-आंघोळीची, म्हणजे त्या साबणाच्या पाण्यानं पाइप धुऊन निघतो. पहिल्यांदा मी क्रम चुकलो होतो. बायकोनं अजून माफ केलेलं नाही. पण या एका कामानं डोंगरावर आपण किती दिवस राहायचं ते आपोआप ठरतं. भावोजी, येऊरच्या तुमच्या पार्कात हे भोक कुठं असणार, आणि पुढे ते कुठं जाणार? हॉटेलांचं उष्टं कुठं जातं ते ठाऊक आहे : उष्ट्यावर कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो, आणि मग आपण म्हणतो बिबट्या वस्तीत शिरला.

तिकडची शांतता निर्मळ आहे असंही नाही. लासन परिसरात अत्सुगेवी, याना, याही, मैदू लोक उन्हाळ्यात येत. १९११ साली याही जमातीचा एक शेवटचा उरलेला माणूस, इशी, एकटाच ओरोव्हिल गावात आला. १९१६ साली राष्ट्रीय उद्यान झालं. माणसं आधी गेली, शांतता मागून आली. आपल्या येऊरला पाडे अजून नांदतायत, पाटोणपाडा, जांभूळपाडा. टॉर्च घेऊन फिरायचं काम पगार देऊन तिथल्याच माणसांना द्यावं आणि त्यांच्या ठोठावण्याला वजन द्यावं, एवढं मी सुचवेन. बंगलेवाल्यांना ते रुचणार नाही, हे कळतं मला.

कॅराव्हॅन पार्क मात्र नको. लासनचं उद्यान आपल्या संजय गांधी उद्यानाच्या चौपट, तरी गाड्यांना तिथं ठरावीक कोपरे आणि नंबर टाकलेल्या जागा. आपल्या १०४ चौरस किलोमीटरला चहूबाजूंनी शहर चिकटलंय, आणि आता खालून ठाणे-बोरिवली बोगदाही जाणार. गाडीत झोपण्याची हौस भागवायला कोकणात जागा आहे. येऊरला पायी जावं, उपवन तलावावरून, सकाळी.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. भावोजींचा अंगठा आला. मग विचारलं, डिसेंबरात आपल्या सईची हळद येऊरच्या ज्या बंगल्यावर ठरवलीय, तिथला डीजे किती वाजता बंद होणार?

दोन निळ्या टिका दिसतायत. तीन दिवस झाले.