इशारा पोहोचतो, पुढचे काय?

राज्याच्या आपत्ती पूर्वसूचना यंत्रणेवरील लेख वाचला. ही यंत्रणा गेल्या काही वर्षांत सुधारली, हे त्यातील म्हणणे मान्य आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस कोसळला तेव्हा घराबाहेर पडलेल्यांना कोणी सावध केले नव्हते. आज अतिवृष्टीचा संदेश मोबाइलवर येतो. परंतु लेखात नवी मुंबईचा उल्लेख केवळ 'सुनियोजित शहर' एवढाच आला आहे, तो मला अपुरा वाटतो.

आमचा वाशीचा भाग खाडीवर भराव टाकून वसवलेला असून तो भरतीच्या पातळीहून खाली आहे. म्हणूनच नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाने धारण तलाव बांधले: भरती आली की झडपा बंद होतात, पावसाचे पाणी तलावात साठते आणि ओहोटीला खाडीत जाते. आता हे तलाव गाळाने उथळ झाले आहेत, आणि त्यांत कायद्याने संरक्षित असलेली खारफुटी वाढल्याने गाळ काढणे न्यायालयीन परवानगीत अडकते. गेल्या पावसाळ्यात 'सतर्क राहा' असा संदेश आला तेव्हा आमच्या सोसायटीच्या मीटरखोलीच्या दुसऱ्या पायरीला पाणी लागले होते, आणि नेमके काय करायचे ते रखवालदाराला ठाऊक नव्हते. (मलाही नव्हते, हे कबूल करतो.)

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाची धुरा जिल्हाधिकाऱ्यांकडे दिली आहे. त्यांच्या आराखड्यात प्रत्येक तलावाची साठवणक्षमता दरवर्षी मे महिन्यात मोजून जाहीर करण्याचे बंधन असावे, आणि मोठ्या भरतीच्या वेळा अतिवृष्टीच्या त्याच संदेशात याव्यात.